मद्रास वस्त्र, कॅरिबियन

कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक, ग्वादलूप, डॉमिनिका, सेंट लुसिया इ. बेटांच्या पारंपरिक स्त्रीवेशातील चौकडीचे सुती कापड आणि त्याभोवती घडलेली वेशपद्धती. कापड मूळचे कोरोमंडल किनाऱ्याचे, परकर व झालरीचे वळण फ्रेंच, डोक्याला रुमाल गुंडाळण्याची रीत बहुधा पश्चिम आफ्रिकेची आणि दागिन्यांचे घाट बेटांवरच्या निसर्गातून घेतलेले. डॉमिनिका व सेंट लुसियात संपूर्ण वेशाला ‘वॉब द्वियेत’ म्हणतात.

हे कापड बेटांवर केव्हा व कोणी आणले, याबद्दल दोन मते आहेत. लोकप्रिय समजुतीनुसार ते भारतीय करारबद्ध मजुरांनी नेले. पाँडिचेरी व कारिकाल येथून मजुरांची जहाजे मार्तिनिकला १८५३ पासून आणि ग्वादलूपला १८५४ पासून येऊ लागली, हे खरे. पण सुमारे १७६५ नंतर डॉमिनिका व सेंट व्हिन्सेंट येथे राहून चित्रे काढणारा इटालियन चित्रकार आगोस्तिनो ब्रुनियास (मृ. १७९६) याच्या चित्रांतल्या कृष्णवर्णी व मिश्रवंशीय स्त्रिया डोक्याला चौकडीचे रुमाल बांधलेल्या दिसतात. शिवाय डॉमिनिकात करारबद्ध भारतीयांची वसाहत जवळपास झालीच नाही, तरी तेथे हा वेश पूर्ण रुजला. त्यामुळे अठराव्या शतकातील सागरी व्यापाराकडे बोट दाखवणारे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मद्रास व पुलिकत परिसरात विणलेले रंगीत सुताचे रुमाल युरोपीय कंपन्या लंडन, नांत (फ्रान्स) यांसारख्या बंदरांत नेत, आणि तेथून ते पश्चिम आफ्रिकेत गुलामांच्या खरेदीसाठी व अमेरिकी वसाहतींत विक्रीसाठी जात. मजुरांच्या आगमनाने बेटांचे या कापडाशी असलेले नाते दृढ झाले असावे, एवढेच म्हणता येते.

यात एक गुंता आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्लासगोच्या विणकरांनी पुलिकती रुमालांची नक्कल सुरू केली होती आणि फ्रान्समधील रूआंतही भारतीय धर्तीचे कापड निघे. तेव्हा जुन्या मालयादीत ‘मद्रास’ असे लिहिलेला प्रत्येक नग मद्रासचाच असेल, असे धरता येत नाही.

डोके झाकण्यामागे सक्तीही होती. फ्रेंच सें-दोमँग (आजचे हैती) येथे १७७९ मध्ये मुक्त मिश्रवंशीयांच्या पोशाखावर निर्बंध आले. स्पॅनिश अमलाखालील लुइझियानात (आज अमेरिकेचे एक राज्य) गव्हर्नर एस्तेबान मिरो याने १७८६ मध्ये अशा मुक्त मिश्रवंशीय स्त्रियांना केशभूषेचा थाट सोडून रुमाल बांधायला फर्मावले. स्त्रियांनी त्या रुमालालाच शोभेची वस्तू केले. या वेशाच्या इतिहासातील ही सर्वांत अभिमानास्पद गोष्ट होय.

बेटांवरील खास कारागिरी म्हणजे ‘कालांदे’ रुमाल. चौकडीतील फिक्या पट्ट्यांवर डिंकात कालवलेला पिवळा रंग कुंचल्याने भरत. त्यामुळे रंग झळके आणि कापड ताठ होऊन घड्या टिकत. हे काम करणाऱ्या स्त्रियांचा स्वतंत्र व्यवसाय होता. १८८७ ते १८८९ या काळात मार्तिनिकमध्ये राहिलेला लेखक लाफकादिओ हर्न याने त्याचे वर्णन केले आहे. असा रुमाल पाण्यात धुता येत नसे. रुमालाच्या वर काढलेल्या टोकांना अर्थ जोडले जातात: एक टोक म्हणजे मन मोकळे, दोन म्हणजे गुंतलेले, तीन म्हणजे विवाहित. बेटागणिक हे अर्थ बदलतात आणि ते जुने किती व अलीकडचे किती, याविषयी सावधच राहावे.

निसर्ग सर्वांत ठळक दिसतो तो सोन्याच्या दागिन्यांत. ‘पॉम कानेल’ हे कर्णभूषण सीताफळाच्या खवलेदार सालीसारखे बारीक सुवर्णकणांनी मढवलेले असते (सीताफळ हे मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेचेच फळ). ‘शेनिय’ म्हणजे सुरवंट, तर साखळीच्या एका प्रकाराला काकडीचे नाव आहे. सोन्याच्या मण्यांची माळ, पांढऱ्या लेसचा अंतर्परकर आणि खांद्यावरचा त्रिकोणी रुमाल यांनी वेश पूर्ण होतो.

जमेकात याच जातीच्या लाल-पांढऱ्या चौकडीला बँडॅना म्हणतात. कवयित्री लुईज बेनेट (१९१९–२००६) रंगमंचावर तोच वेश करीत. अँटिग्वा व बार्बुडाचा राष्ट्रीय वेश हेदर डोरम यांनी १९९२ च्या स्पर्धेसाठी रचला; त्यातही मद्रास आहे. अमेरिकन व्हर्जिन बेटांनी २०२१ मध्ये स्वतःची अधिकृत चौकडी ठरवली. तिच्यात समुद्राचा निळा व जिंजर थॉमस या फुलाचा पिवळा रंग आहे. सेंट लुसियात ऑक्टोबरच्या अखेरीस क्रिओल दिनी (बेटाची क्रिओल भाषा व संस्कृती यांचा उत्सव) शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत सारे मद्रास नेसून बाहेर पडतात.