हँडल थरथरतंय? कोन सेट आवळण्याआधी हे वाचा

जुनी मोटरसायकल घेऊन येणाऱ्यांची नेहमीची मागणी असते, ‘हँडल वॉबल मारतंय, कोन सेट जरा आवळून द्या.’ कोन सेट म्हणजे हँडल आणि फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) ज्यावर फिरतात तो सांधा: बॉल आणि ते ज्यात फिरतात ती कडी, म्हणजे रेसर. आवळला की थरथर बहुतेक वेळा कमी होतेही, आणि घोळ तिथेच आहे. घट्ट झालेला कोन सेट घर्षणाने थरथर दाबून टाकतो. ती सुरू करणारा टायर किंवा रिम तसाच राहतो. वर जादा दाबामुळे बॉल-रेसर लवकर खराब होतात आणि एका कामाची दोन कामं होतात.

म्हणून गाडी देताना सांगा, हँडल नेमकं कधी हलतं.

थ्रॉटल सोडल्यावर, ताशी ६० वरून ४० किलोमीटरवर येताना, हातांची पकड हलकी असताना हँडल डावी-उजवीकडे भराभर थरथरत असेल, तर बघायचं पुढचं चाक आणि सैल कोन सेट. जास्त वेगात अख्खी गाडी संथपणे डुलत असेल तर दोष बहुधा मागे असतो. फक्त ब्रेक मारताना हादरे आले तर डिस्क वाकडी किंवा ड्रम ओव्हल झालेला असतो. आणि हळू चालवतानाही गाडी सरळ धरायला सतत हँडल सावरावं लागत असेल, तर कोन सेट जास्त आवळलेला आहे किंवा त्याला खाच पडली आहे. हे तपासायला रस्त्यावर दोन्ही हात सोडून मात्र बघू नका.

आधी टायर, कारण ते तपासायला पाना लागत नाही. हवा टायर थंड असताना मोजा. आकडा गाडीच्या पुस्तिकेतला धरा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो. पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळवा एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टायर जागोजागी खोलगट होऊन झिजला आहे. तो बॅलन्स करूनही शांत होत नाही, बदलावाच लागतो. बाजूवर ‘२३१८’ असे चार आकडे दिसले तर टायर २०१८ च्या २३व्या आठवड्यातला आहे. नक्षी भरपूर असली तरी रबर कडक झालेलं असतं. नवीन टायर बसवल्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर रिमलगतची बारीक रेघ पाहा. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एका जागी आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही. हवा काढून, कडेला साबणाचं पाणी लावून तो पुन्हा बसवावा लागतो.

मग मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला. फोर्कला एक पेन्सिल रिमच्या अगदी जवळ टोक येईल अशी बांधा आणि चाक फिरवा. बहुतेक गाड्यांना बाजूला आणि वर-खाली २ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. आऱ्या पान्याने हलकेच वाजवा. ताणलेली खणखणते, सैल असेल ती बद्द वाजते. चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवा. हब एक्सलवर कटकटला तर चाकाचं बेअरिंग गेलं.

आता कोन सेट. चाक अधांतरीच ठेवून दोन्ही फोर्कची खालची टोकं धरा आणि पुढे-मागे ढकला. दुसऱ्याला खालचा टी (दोन्ही फोर्क जोडणारी खालची पट्टी) आणि चासीच्या नळीच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. टकटक तिथे जाणवली तर कोन सेट सैल आहे. फोर्कच्या नळीतच जाणवली तर फोर्कचे बुश (आतली कडी) झिजलेत. त्यानंतर हँडल दोन बोटांनी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. मधोमध आल्यावर ते खटकन बसत असेल, तर रेसरला खाच पडली आहे. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे खड्ड्यांचे दणके बॉल रेसरच्या त्याच जागी बसतात. अशा वेळी आवळणं व्यर्थ आहे. वरचे-खालचे रेसर आणि बॉल एकदमच बदलावेत. सुटे बॉल असतील तर वरची आणि खालची संख्या वेगळी असू शकते. शेवटी थोडी जागा उरली म्हणून तिथे एक जादा बॉल कोंबायचा नाही.

नीट बसवलेला कोन सेट असा ओळखा: चाक अधांतरी, हँडल मधोमध, बोटाने किंचित ढकललं की ते आपल्या वजनाने बाजूला जाऊन पडतं आणि फोर्क ओढून पाहिला तर टकटक नसते. केबल ताठ असल्या तर ही चाचणी फसवते, आधी त्या मोकळ्या करा. नवीन रेसर थोडे बसतात, म्हणून ५०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा दाखवा.

मागच्या बाजूला स्विंग आर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश पाहायचे: मागचं चाक उचलून आर्म आडवा हलवा. मागचं चाक सरळ आहे का हे पाहताना साखळी ताणायच्या खुणांवर जुन्या गाडीत फार विसंबू नका, दोन्ही चाकांना लागून दोरी धरून सरळ रेषा बघितलेली बरी. मागच्या एक्सलच्या मागे लटकणारी जड पेटी आणि हँडलवरची वारा अडवणारी मोठी काच काढून एकदा चालवून पाहा. कधीकधी दुखणं एवढंच असतं.

चालत्या गाडीत थरथर वाढली तर जोरात ब्रेक मारू नका. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, हँडल न आवळता नुसतं धरून ठेवा, थ्रॉटल हळूहळू सोडा. गाडी बाजूला घेऊन आधी टायरमधली हवा बघा.