काळी रेघ पाणी कशी अडवते?

लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पाटीवर, कोरलेलं चित्र काळ्या शाईत छापून झालं की कधी एकदा रंग भरतो असं होतं. दुसऱ्या दिवशी शाई वरवर सुकलेली दिसते, म्हणून आपण जलरंग काढतो. ब्रश रेघेवरून दोनदा फिरला की आकाशाच्या निळ्यात काजळी उतरते आणि छाप वाया जातो. घोटाळा ‘सुकणे’ या शब्दात आहे.

जलरंग सुकतो तो पाणी उडून गेल्याने. तेलाच्या शाईतून उडून जाण्याजोगं फारसं काही नसतंच. तिच्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन शोषतं, तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात, त्यांचं जाळं तयार होतं आणि काळा रंग त्यात कायमचा अडकतो. म्हणजे सुकताना तेल हलकं होत नाही, उलट ऑक्सिजन घेऊन जड होतं. याला वेळ लागतो: पातळ थराला काही दिवस, जाड थराला दोन-तीन आठवडेही. या क्रियेत उष्णताही निघते, म्हणून तेलाने माखलेली फडकी बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. गंमत म्हणजे खुद्द लिनोलियमही याच क्रियेतून जन्मलं. फ्रेडरिक वॉल्टन यांनी 1863 साली पेटंट घेतलं ते असंच घट्ट झालेलं जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा यांच्या मिश्रणाचं. पाटी आणि शाई, दोन्ही एकाच तेलाची लेकरं!

कोपऱ्यातल्या एखाद्या रेघेवर ओला कापूस हलकेच फिरवून पाहा. कापूस स्वच्छ राहिला तरच पुढे जा. डिंकावर बांधलेली पाण्याची शाई असेल, तर कितीही थांबलात तरी ती ओलाव्याने पुन्हा सुटते. तिथे हा बेत सोडलेलाच बरा.

आता रंगाचा थेंब रेघेजवळ नेऊन नीट बघा. पाणी रेघेपर्यंत धावत येतं आणि काठाशी गोलसर फुगून थांबतं. तेलाच्या पापुद्र्याला ते चिकटत नाही, शेजारच्या कागदाच्या तंतूंना मात्र लगेच बिलगतं. कोरताना रेघ जिथे तुटली असेल, तिथून रंग नेमका बाहेर पडतो. कागद फार शोषून घेणारा असेल तर तंतूंमधून रेघेच्या खालूनही पलीकडे जातो. छपाईचे कित्येक मऊ कागद असेच असतात. त्यांवर ब्रश जवळजवळ कोरडा ठेवावा, किंवा आधी जिलेटिनचं पातळ पाणी फिरवून कागद वाळवून घ्यावा.

सुकल्यावर रंगाची कडा गडद दिसते. थेंबाची कड जागची हलत नाही आणि तिथलं पाणी आधी उडतं. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि रंगाचे कण सोबत नेतं. कॉफीच्या डागाला कडं पडतं तेही यामुळेच. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 साली ते उलगडून दाखवलं. छापचित्रात ही कडा काळ्या रेघेला लागून येते आणि मुद्दाम दिलेल्या सावलीसारखी शोभते. मला तर हाताने रंगवलेल्या छापाचं अर्धं सौंदर्य तिथेच दिसतं. मोकळ्या आकाशात मात्र तीच कडा डाग वाटते. तिथे रंग ओला असतानाच स्वच्छ, दमट ब्रशने काठ विरवून टाकायचा.