मुक्कामाची गाडी आणि भीमगडची रात्र

बेळगावहून चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अलीकडे एक नवी टूम दिसते. कुणाच्या जीपच्या टपावर घडीचा तंबू असतो, कुणी जुना टेम्पो ट्रॅव्हलर आतून बदलून घेतलेला असतो. त्यात पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, सगळं असतं. लॉज शोधायची कटकट नाही. जांबोटी मागे पडली की कणकुंबीच्या अलीकडेपलीकडे, भीमगड अभयारण्याच्या आसपास, एखादी मोकळी जागा बघायची, गाडी कडेला घ्यायची आणि रात्र काढायची. अशा वेळी वनखात्याचा माणूस येऊन म्हणाला, की इथं मुक्काम करता येणार नाही, तर त्याला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं : "आम्ही काही करत नाही हो, नुसतं झोपणार आहोत."

हे म्हणणारी माणसं बहुतेक वेळा जंगलाची आवड असलेलीच असतात. त्यांना खरोखरच वाटतं, की शिकार नाही, झाडतोड नाही, मग नुकसान ते कसलं? म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं. नुसता नियमाचा बोर्ड दाखवून भागणार नाही.

पण आधी कायदा, कारण त्यात एक बारकावा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २७ मध्ये अभयारण्यात कोण जाऊ शकतो हे सांगितलं आहे. कामावरचे सरकारी नोकर, परवानाधारक, आत स्वतःची जमीन किंवा घर असलेले लोक, त्यांच्यावर अवलंबून असलेले आणि सार्वजनिक रस्त्यानं पलीकडे जाणारे प्रवासी. प्रवाशाला मुभा आहे ती जाण्याची. परवान्याशिवाय राहण्याची नाही. हेच कलम पुढे राष्ट्रीय उद्यानांनाही लावलेलं आहे, त्यामुळे आपल्या शेजारच्या अणशीला आणि गोव्यातल्या मोलेला तोच नियम. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलात कर्नाटक वन कायदा १९६३ आहेच. जाणं आणि राहणं यांत कायद्यानं जो फरक केला, तो जीवशास्त्रालाही पटणारा आहे. रस्त्यावरून गाडी गेली, की मिनिटभराच्या दचक्यानंतर जंगल पुन्हा आपल्या कामाला लागतं. गाडी रात्रभर उभी राहिली, की ती जागा आठ-दहा तास जनावरांच्या हातून जाते, आणि नेमके तेच तास त्यांच्या कामाचे असतात.

उजेडाचं गणित करून बघण्यासारखं आहे. जमिनीवर किती प्रकाश पडतो ते लक्स या एककात मोजतात. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना पाव लक्सच्या आसपास उजेड असतो. अमावस्येच्या निरभ्र रात्री नुसत्या चांदण्यांचा उजेड एका लक्सच्या हजाराव्या भागाइतका. आता गाडीच्या दाराशी अडकवलेला पाच वॅटचा साधा एलईडी दिवा घ्या. त्यातून ५०० ल्युमेनच्या आसपास प्रकाश निघतो (ल्युमेन हे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचं एकक). तो चहूकडे सारखा पसरतो असं धरलं, तर तीन मीटरवर चार-साडेचार लक्स भरतात. दहा मीटरवर ०.४ लक्स, म्हणजे अजूनही पौर्णिमेपेक्षा जास्त. मध्ये झाडोरा नसेल, तर हा उजेड चांदण्यांच्या पातळीवर उतरायला दोनशे मीटर जावं लागतं. दोनशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे तीस एकरांहून जास्त जागा. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, झाडोरा नसतोच. गाडीतल्या माणसाला ज्या दिव्यात भाकरी नीट दिसत नाही, त्यानं एवढ्या रानाची अमावस्या मोडलेली असते.

निशाचर प्राण्याच्या डोळ्याला हे का जाचतं? अंधारात पाहण्याचं काम दृष्टिपटलातल्या दंडपेशी करतात. त्यांतलं रोडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य प्रखर उजेडानं विघटित होतं आणि पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. आपल्या डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, तो यामुळेच. रात्री फिरणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला चमकणारा एक पडदाही असतो. आत आलेला प्रकाश परतवून दंडपेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळवून देणारा. टॉर्चमध्ये गव्याचे डोळे चमकतात ते या पडद्यामुळे. इतक्या तयारीच्या डोळ्यावर हेडलाइट पडला, की जनावर आंधळं होऊन जागीच खिळतं.

रातव्याचं उदाहरण तर अगदी रस्त्याच्या कडेचं. हा पक्षी घरटं बांधत नाही. पालापाचोळ्यात किंवा उघड्या मुरमाड जमिनीवर अंडी घालतो आणि त्यांवर बसून राहतो. पिसांचा रंग असा, की दोन हातांवरूनही दिसू नये. धोका जाणवला तरी तो अगदी शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही, कारण न हलणं हाच त्याचा बचाव. गाडी लावायला आपण जी सपाट, मोकळी, रस्त्यालगतची जागा निवडतो, तीच त्यालाही आवडते. उन्हाळ्यात, म्हणजे सहलींच्या दिवसांतच, त्याची अंडी जमिनीवर असतात. चाकाखाली काय आलं, हे अंधारात गाडी वळवणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

किड्यांची गोष्ट नव्यानं उलगडली आहे. दिव्याभोवती किडे का फिरतात, याची अनेक उत्तरं वर्षानुवर्षं दिली गेली : ते दिव्याला चंद्र समजतात, उष्णतेकडे ओढले जातात वगैरे. २०२४ मध्ये सॅम्युएल फॅबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांच्या उडण्याचं चित्रण करून वेगळंच दाखवलं. उडणारा किडा आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. कोट्यवधी वर्षं रात्रीसुद्धा आभाळ हे जमिनीपेक्षा उजळ राहिलं आहे, त्यामुळे पाठ उजेडाकडे म्हणजे पाठ वर, हा हिशेब कधी चुकला नाही. बाजूला दिवा लागला, की किडा पाठ दिव्याकडे वळवतो, तिरपा होतो, वळतो, पुन्हा वळतो आणि त्या फेऱ्यात अडकतो. म्हणजे तो दिव्याकडे आकर्षित होत नाही. त्याला वर-खालचं भानच राहत नाही. रात्रभर असा घुटमळणारा पतंग ना फुलावर जातो, ना जोडीदार शोधतो.

आणि काजवे. मृगाच्या आधी जांबोटी-कणकुंबीकडची झाडं काजव्यांनी उजळतात, ते बघायला आता लोक मुद्दाम जातात. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. नर लुकलुकत फिरतो, मादी झुडपात किंवा गवतात बसून त्याला लुकलुकूनच उत्तर देते. ते उत्तर इतकं मंद असतं, की शेजारी दिवा असला तर नराला दिसत नाही. काजव्याची अळी त्याआधी कितीतरी महिने जमिनीत, ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढलेली असते. काजवे बघण्यासाठी गवतात गाडी घालणारा पुढच्या वर्षीचे काजवे चाकाखाली घालतो. मला या सगळ्या प्रकारात याचं सर्वांत वाईट वाटतं, कारण ते काजव्यांच्या प्रेमापोटीच घडतं.

भीमगडला उजेडाचा त्रास होईल असा आणखी एक जीव आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे कितीतरी दशकं जगात ते फक्त याच गुहेतून माहीत होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात त्याच्या नोंदी झाल्या. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत जागा असलेल्या मोजक्या वटवाघळांपैकी ते एक. २०११ मध्ये भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यामागे या वटवाघळाचंही बळ होतं. वटवाघळांवर उजेडाचा काय परिणाम होतो, हे इंग्लंडमध्ये नालवटवाघळांवर (नाकावर नालेसारखी कातडी असलेल्या वटवाघळांवर) तपासलं गेलंय. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दिवे लावले, तेव्हा त्या वाटेवरची वर्दळ एकदम घटली आणि जी आली ती उशिरा आली. संध्याकाळी किडे सर्वांत जास्त उडतात तो तासच त्यांच्या हातून जातो.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. छोटा, 'शांत' म्हणून विकला जाणारा जनरेटर सात मीटरवर पंचावन्न डेसिबलच्या आसपास असतो. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. या हिशेबानं रात्रीच्या रानाच्या तीस-बत्तीस डेसिबलमध्ये मिसळायला त्याला शंभर मीटर लागतात. पहिल्या पावसात डबक्याकाठी ओरडणाऱ्या बेडकाची मादी त्या ओरडण्यावरूनच नर निवडते. एसीसाठी रात्रभर चालू ठेवलेलं इंजिन त्या डबक्यापाशी असलं, तर निवडायचं कशावरून?

इथं मुख्य मुद्द्यावर येतो. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात केटलिन गेनर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. सहा खंडांवरच्या ६२ सस्तन प्राण्यांची माहिती त्यांनी एकत्र केली. जिथं माणसाचा वावर जास्त, तिथं प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरी १.३६ पट वाढलेला आढळला. दिवसा-रात्री सारखाच फिरणारा प्राणी माणसाजवळ आला, की त्याचा दोन तृतीयांशाहून जास्त वावर रात्री होऊ लागतो. विशेष म्हणजे शिकार, शेती, रस्ते आणि नुसतं फिरायला जाणं यांत मोठा फरक दिसला नाही. आपण बंदूक घेऊन आलो की दुर्बीण घेऊन, हे सांबराला कळत नाही. दिवस आपण आधीच घेतलेला आहे. जनावरं सरकत सरकत रात्रीत गेली, आणि आता रात्रीचा मुक्कामही आपल्याला त्यांच्या वाटेवर हवा आहे. यापुढे सरकायला चोविसात तासच उरत नाहीत.

भीमगडची वाट साधी नाही. खाली काळी व्याघ्र प्रकल्प, पश्चिमेला म्हादई आणि मोले, वर तिलारी-आंबोलीमार्गे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, या सगळ्यांना जोडणारा हा दुवा आहे. वाघ, बिबट्या, गवा, अस्वल, कोळसुंदे इथून ये-जा करतात आणि रस्ते शक्यतो रात्रीच ओलांडतात. बंडीपूरमधून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद आहे, ती याच कारणासाठी. तिथं चालत्या गाडीलासुद्धा मनाई केली, मग उभ्या गाडीचं काय बोलायचं?

पाण्याचंही बघायला हवं. गाडीत भांडी घासली, आंघोळ केली, की ते पाणी ओहोळात सुटतं. साबणातले मळ सोडवणारे (पृष्ठक्रियाकारी) घटक माशांच्या कल्ल्यांना आणि बेडकाच्या कातडीला इजा करतात. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे त्याला हे जास्त लागतं. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पुढे नविलुतीर्थाच्या धरणात जाते आणि हुबळी-धारवाडचं पिण्याचं पाणी होते. देगावकडून निघालेली म्हादई गोव्यात उतरते. सड्यावरचे दगड हलवून चूल मांडणाऱ्यांनी त्या दगडाखाली एकदा बघावं. २००७ मध्ये चोर्ला परिसरातून म्हादईच्या नावानं देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली. पाय नसलेला हा उभयचर ओल्या मातीत आणि दगडांखाली जगतो.

जगात इतरत्रही हे असंच ठरत गेलं आहे. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातल्या रानातल्या वाहनतळांवर रात्री गाडी ठेवून झोपता येत नाही. अमेरिकेत योसेमिटीमध्ये गाडीत झोपायचं, तर नोंदणी केलेल्या तळावरच. स्कॉटलंडमध्ये लॉक लोमंडच्या काठी २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर ठरावीक पट्ट्यांत परवाना लागतो. मोकाट मुक्कामाबद्दल सर्वांत उदार असलेल्या न्यूझीलंडलाही २०११ मध्ये कायदा करावा लागला आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक करावा लागला. यांतल्या कुणीही पर्यटन बंद केलेलं नाही. मुक्कामाची जागा तेवढी ठरवून दिली.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला हा विषय सोडवत नाही. भीमगडच्या जंगलातलं आमगाव हे कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. तिथून आजारी माणसाला पावसात तिरडीसारखी डोली करून चिखलातून बाहेर आणावं लागतं, कारण जंगलातून पक्का रस्ता करायला परवानगी मिळत नाही. गवाळी, कोंगळे, पास्टोलीची माणसं पिढ्यानपिढ्या या रानात राहिली आणि आज त्यांना पुनर्वसनाबद्दल विचारलं जातं. वाघासाठी ज्यांनी रस्ता आणि वीज सोडली, त्यांच्या नाकासमोर शहरातली गाडी येऊन दिवे लावून बसते, हे न्यायाचं नाही. नियम कडक करायचा तर तो पाहुण्याला आधी लागला पाहिजे.

सोय मात्र करायला हवी. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे मुक्कामाच्या गाडीतल्या, पर्यटनाची धोरणं आणली. जांबोटी किंवा खानापूरजवळ, जंगलाच्या बाहेर, सांडपाणी उपसून घेणारा एक तळ उभा राहिला, तर गावातल्या चार घरांना उत्पन्नही मिळेल. तोवर ज्यांना रानाजवळच राहायचं आहे त्यांच्यासाठी हेम्मडग्याला वनखात्याचं निसर्ग शिबिर आहे, आणि गावांतून घरगुती राहण्याची सोय होते. अंगणात गाडी लावायची असली, तर घरमालकाला विचारून लावावी. दिवा मंद, पिवळसर आणि खाली तोंड केलेला ठेवावा. जनरेटर आणूच नये.

घाटात गाडी बंदच पडली तर गोष्ट निराळी. धोक्याचे दिवे चालू ठेवून, मागे त्रिकोण लावून, काचा वर करून आतच बसावं. चूल पेटवू नये, उरलेलं अन्न बाहेर टाकू नये, कारण त्या वासावर अस्वल येतं. रेंज मिळेल तशी जवळच्या वनचौकीला खबर द्यावी.