गंगेच्या नावाची मुशी: एका नावामागचा इतिहास

फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरवलेल्या मासळीत 266 सेंटिमीटर लांबीची एक मादी मुशी (शार्क) अभ्यासकांच्या नजरेस पडली. ती ‘ग्लायफिस गँजेटिकस’, म्हणजे गंगा मुशी असल्याचे पुढे प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नोंदवले गेले. गंगेचे नाव धारण करणारा मासा अरबी समुद्राच्या बंदरात यावा, याचे नवल वाटण्याचे कारण मात्र माशात नसून त्याच्या नावात आहे.

हे नाव 1839 मध्ये योहानेस म्युलर आणि याकोब हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी गंगेत सापडलेल्या नमुन्यांवरून दिले. त्यानंतर दीर्घकाळ या प्रजातीची ओळख संग्रहालयांतील मोजक्या जुन्या नमुन्यांवरच अवलंबून राहिली. नदीत मुशीने माणसावर हल्ला केला की दोष हिच्या माथी मारला जाई. परंतु गोड्या पाण्यात दूरवर शिरणारी बुल शार्कही त्याच नद्यांत वावरते, हे पाहता त्यांतील बरेच आरोप चुकीचे असावेत. दोघी कार्कऱ्हिनिडी या एकाच कुळातल्या. मुशींच्या शरीरात युरिया साठलेला असल्यामुळे समुद्राच्या पाण्याशी त्यांचा तोल राहतो, आणि म्हणूनच बहुतेक प्रजातींना नदी मानवत नाही.

नातेसंबंध केवळ शरीररचनेवरून ठरवण्यातील अडचण मुशींच्या अभ्यासात नवी नाही. पाकट म्हणजे चपटी झालेली मुशीच, असे 1990 च्या दशकात काही अभ्यासक मांडत होते. जनुकीय पुराव्याने पाकटांची शाखा सर्व मुशींपासून वेगळी ठरवली. गंगा मुशी ज्यात मोडते त्या ग्लायफिस गटाच्या बाबतीतही तसेच घडले. म्यानमारमधील इरावती नदीच्या मुखाजवळील एकाच नमुन्यावरून एक प्रजाती आणि बोर्निओतील दुसरी, अशा स्वतंत्र नोंदी झाल्या होत्या. संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांमधूनही डीएनए मिळवून 2015 मध्ये केलेल्या अभ्यासात या दोन्ही गंगा मुशीच असल्याचे दिसले. त्यामुळे गटात तीनच प्रजाती उरल्या; उरलेल्या दोन उत्तर ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीच्या नद्यांत आणि किनाऱ्यालगत आढळतात. एवढ्या दूरच्या नद्यांत एकच प्रजाती असण्याचा अर्थ, निदान काही माशांनी मधला समुद्र ओलांडला असला पाहिजे. ससून डॉकची मादी या चित्रात चपखल बसते.

2001 पासून ही प्रजाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अडचण ओळखण्याची आहे. बारीक डोळे, पहिल्या पाठपराच्या सुमारे निम्म्या उंचीचा दुसरा पर आणि खालच्या जबड्यातील भाल्यासारख्या टोकांचे पुढचे दात, एवढ्याच काय त्या खुणा, आणि त्या सगळ्या मासा अखंड असेपर्यंतच्या. डोके व पर वेगळे करून तुकडे टोपलीत गेले, की उरते ती फक्त मुशी.