‘लेट इट बी’चं चाळीस वर्षांचं भिजत घोंगडं

एखादा सिनेमा डब्यात गेला असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा निर्मात्याचे पैसे संपलेले असतात, नाहीतर सेन्सॉरशी वाजलेलं असतं, नाहीतर वितरकाने हात वर केलेले असतात. बीटल्स या चौघांच्या इंग्रज बँडवरच्या ‘लेट इट बी’बाबत यातलं काहीच नव्हतं. माहितीपट पुरा झालेला, १९७० साली थिएटरात लागून गेलेला, संगीतासाठी ऑस्कर मिळालेला. गिऱ्हाईक जगभर. तरी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बाजारातून दिसेनासा झाला आणि परत यायला मे २०२४ उजाडला. चाहत्यांचा राग नुसत्या उशिराचा नव्हता. ‘नाही’ असं कोणी कधी स्पष्ट म्हणतच नव्हतं, हे खरं दुखणं होतं.

सुरुवात मुळात सिनेमाची नव्हतीच. सप्टेंबर १९६८ मध्ये ‘हे ज्यूड’ या गाण्याचं चित्रीकरण श्रोत्यांच्या गराड्यात झालं. प्रत्यक्ष कार्यक्रम बंद करून चौघांना दोन वर्षं झाली होती. लोकांसमोर पुन्हा वाजवायला मजा येते हे त्या दिवशी लक्षात आलं. त्यातून बेत निघाला: नवी गाणी बसवायची, ती एकाच मैफलीत वाजवायची आणि त्याचा टीव्हीसाठी कार्यक्रम करायचा. तालमी सोबत चित्रित करायच्या, तोंडी लावण्यापुरत्या. मैफल कुठे करायची यावर मात्र एकमत होईना. दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग यांच्या डोक्यात लिबियातलं साब्राथाचं रोमन नाट्यगृह होतं. बोटीवर करायचाही विचार झाला.

लिंडसे-हॉग तेव्हा २८ वर्षांचे. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांनी रोलिंग स्टोन्ससाठी ‘रॉक अँड रोल सर्कस’ चित्रित केला होता, आणि गंमत म्हणजे तोही डब्यात जाऊन बसला, थेट १९९६ पर्यंत. दोन महिन्यांत दोन सर्वांत मोठ्या बँडचे सिनेमे करायला मिळावेत आणि दोन्ही कुलुपात पडावेत, असं नशीब कमी दिग्दर्शकांच्या वाट्याला आलं असेल.

२ जानेवारी १९६९ ला लंडनच्या ट्विकनम स्टुडिओत काम सुरू झालं. भलामोठा गारठलेला हॉल, सकाळची वेळ (रात्री जागणाऱ्या माणसांना ही शिक्षाच), डोक्यावर माइक आणि चारी बाजूंनी कॅमेरे. ६ तारखेला पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन यांची ती प्रसिद्ध बाचाबाची झाली: तू म्हणशील ते वाजवतो, नको म्हणालास तर वाजवतच नाही, अशा अर्थाचं जॉर्जचं थंड बोलणं. १० तारखेला तो सरळ उठून गेला. हा जॉर्ज नुकता स्वतःच्या बळावर काम करून आलेला होता, हे विसरता कामा नये. बरोबर वर्षभरापूर्वी, जानेवारी १९६८ मध्ये, तो मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करत होता आणि तिथे सूत्रं त्याच्या हातात होती. ट्विकनममध्ये त्याने ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’सारखं गाणं पुढे ठेवलं, तालमीही झाल्या, पण गाणं बाजूलाच राहिलं.

तो परतला तो अटी घालून. ट्विकनम सोडायचं, परदेशातली मैफल विसरायची. मग लंडनमधल्याच सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या स्वतःच्या कचेरीच्या तळघरात बसकण मांडली. २२ तारखेला अमेरिकन वादक बिली प्रेस्टन कीबोर्डवर आला आणि पाहुण्यासमोर घरातली माणसं वागतात तसे सगळे जरा नीट वागू लागले. ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर, बोचऱ्या वाऱ्यात, सुमारे ४२ मिनिटं वादन झालं. साब्राथाचं स्वप्न पाच मजले चढून संपलं.

खरी गुंतागुंत यानंतरची. नवे व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांना टीव्हीपेक्षा थिएटर हवं होतं. युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीला द्यायचा एक सिनेमा बाकी होता. टीव्हीच्या हिशेबाने १६ मिलिमीटरवर केलेलं चित्रीकरण फुगवून ३५ वर नेलं, त्यामुळे पडद्यावर सगळं दाणेदार आणि काळपट दिसू लागलं. पहिली जुळणी चौघांनी पाहिली ती २० जुलै १९६९ ला, माणूस चंद्रावर उतरला त्याच दिवशी. त्यानंतर कात्री चालली. जॉर्ज सोडून गेल्याचा प्रसंग अंतिम सिनेमात नाहीच. मध्ये सप्टेंबरात ‘ॲबी रोड’ हा अल्बम आला, लोकांनी डोक्यावर घेतला. म्हणजे जानेवारीतल्या कुरबुरींनंतरही चौघे एकत्र बसून उत्तम काम करू शकत होते. पण सिनेमा लागला तो १३ मे १९७० ला न्यूयॉर्कमध्ये आणि २० मे ला लंडनमध्ये, पॉल वेगळा झाल्याची बातमी १० एप्रिलला फुटल्यानंतर. लंडनच्या पहिल्या खेळाला चौघांपैकी एकही आला नाही. पंधरा महिन्यांपूर्वीच्या तालमी लोकांनी घटस्फोटाचा पुरावा म्हणून पाहिल्या. माझ्या मते या सिनेमाचं सगळं नशीब त्या एका महिन्याने ठरवलं.

चौघांची त्यावरची मतंही गोड नव्हती. जॉन लेननने १९७० च्या अखेरीस सांगितलं की हा सिनेमा पॉलने पॉलसाठी केला. जॉर्जला तो काळ आठवणंही नकोसं होतं. रिंगो स्टार अगदी अलीकडेपर्यंत म्हणत आला की त्यात आनंदच नाही. एप्रिल १९७१ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा ते घ्यायला संगीतकार क्विन्सी जोन्स यांना उभं राहावं लागलं.

१९८१ मध्ये अमेरिकेत सिनेमाच्या घरी बघायच्या व्हीएचएस आणि बीटामॅक्स टेपा आणि लेझरडिस्क निघाल्या. थोड्याच काळात त्या बंद झाल्या आणि पुन्हा निघाल्या नाहीत. इथून चाहत्यांची वणवण सुरू होते. जुन्या टेपा चढ्या भावाने विकल्या जायच्या. त्यांच्या कॉप्या, कॉप्यांच्या कॉप्या, शेवटी रंग उडालेला जॉर्ज आणि घरघरणारा आवाज. दुसरीकडे सेटवरच्या नाग्रा या ध्वनिमुद्रण यंत्रांवरच्या मूळ ध्वनिफिती चोरीला गेलेल्या. त्यातले तासन् तास चोरट्या डिस्कवर मिळत होते, मध्येमध्ये कॅमेऱ्याशी जुळवणीसाठी टाकलेल्या ‘बीप’सकट. २००३ च्या जानेवारीत पोलिसांनी इंग्लंड आणि नेदरलँड्समध्ये छापे घालून सुमारे ५०० रिळं परत मिळवली. कोणत्या दिवशी कोणत्या गाण्याची कितवी तालीम झाली हे निष्ठावान मंडळींना पाठ होतं, पण ८० मिनिटांचा मूळ सिनेमा धड बघायची सोय नव्हती. चोरीचा माल मुबलक, दुकानातला गायब.

आशा अधूनमधून लागायची. ९० च्या दशकात बँडवरच्या ‘अँथॉलॉजी’ या माहितीपट मालिकेच्या निमित्ताने मूळ फिल्म साफसूफ झाली, तुकडे दिसले, सिनेमा नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये ‘लेट इट बी’च्या गाण्यांची, नंतर चढवलेले साज उतरवलेली ‘नेकेड’ आवृत्ती आली. आता डीव्हीडी येणारच अशी सगळ्यांची समजूत झाली. आली नाही. बँडची कंपनी ॲपल कोअर सांभाळणारे नील ॲस्पिनॉल यांनी नंतर कारण सांगितलं: काम अर्ध्यावर आल्यावर न वापरलेलं चित्रीकरण पाहिलं आणि जुने वाद अजून तितकेच बोचणारे आहेत हे कळलं. या कंपनीत तेव्हा निर्णय पॉल, रिंगो, दिवंगत जॉनची पत्नी योको ओनो आणि दिवंगत जॉर्जची पत्नी ऑलिव्हिया हॅरिसन यांच्या एकमताने होत. एकाने मान हलवली नाही की घोंगडं भिजतच. पॉलने २०१६ मध्ये तर म्हटलं की विषय मीच काढत असतो, हरकत घ्यायची तर मी घ्यायला हवी, कारण त्यात मीच बरा दिसत नाही. मग अडलंय कुठे, हा चाहत्यांचा प्रश्न अनुत्तरित. लिंडसे-हॉग यांनाही वर्षानुवर्षं ‘लवकरच’ एवढंच ऐकवलं जात होतं.

३० जानेवारी २०१९ ला, गच्चीवरच्या मैफलीला ५० वर्षं होताना, न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन त्याच चित्रीकरणातून नवा माहितीपट करणार असल्याचं जाहीर झालं. हाताशी सुमारे ५५ तासांची फिल्म आणि १४० तासांचा आवाज. जुन्या सिनेमाचीही डागडुजी करून तो नंतर आणू, असंही त्यात होतं, आणि जुन्या चाहत्यांनी आधी वाचलं ते तेवढंच. कोविडमुळे तारखा सरकल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘गेट बॅक’ तीन भागांत, जवळजवळ आठ तासांचा आला. त्यात जॉर्जचं निघून जाणं दिसलं, हसणं-खिदळणंही दिसलं. पण जॅक्सन यांनी जुन्या सिनेमातली दृश्यं जमेल तितकी टाळली होती, त्याऐवजी दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली बाजू वापरली होती. त्यामुळे मूळ सिनेमाची भूक भागली नाही, वाढली. शिवाय त्यात लिंडसे-हॉग हे सिगार ओढत सारखं लिबियाचंच पालुपद लावणारे जरा विनोदी गृहस्थ वाटतात. त्यांचं स्वतःचं काम मात्र पाहायला मिळत नव्हतं, हा अन्यायच होता.

८ मे २०२४ ला ‘लेट इट बी’ डिस्ने प्लसवर आला. लिंडसे-हॉग यांनी तीनच दिवसांपूर्वी ८४ पूर्ण केली होती. वेलिंग्टनच्या पार्क रोड पोस्टमध्ये मूळ १६ मिलिमीटर निगेटिव्हवरून तो स्वच्छ केला होता, एकमेकांत मिसळलेले आवाज संगणकाच्या मदतीने सुटे केले होते. पाहिल्यावर बऱ्याच जणांना प्रश्न पडला की भांडणं कुठे आहेत? जॉर्ज-पॉलचा तो प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा. बाकी जॉन आणि योको गाण्यावर गोल गोल नाचताहेत, पॉलची मैत्रीण लिंडा हिची लहानगी हेदर ड्रमशेजारी लुडबुडतेय, रिंगो ‘ऑक्टोपसेस गार्डन’चा मुखडा घेऊन येतो आणि जॉर्ज त्याला पुढची वाट दाखवतो.

तक्रारी अर्थातच थांबल्या नाहीत. फिल्मचे दाणे फार पुसले, चेहरे मेणाचे दिसतात, असं काहींचं म्हणणं. आणि डिस्क का नाही, फक्त स्ट्रीमिंगच का, हे पहिल्या दिवसापासूनच सुरू झालं.