मार्सलीन: इंजिनाच्या तहानेतून वसलेलं गाव

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातलं मार्सलीन वॉल्ट डिस्नेचं गाव म्हणून ओळखलं जातं. डिस्ने कुटुंब तिथे राहिलं जेमतेम पाच वर्षं. गाव वसलं ते त्याच्याही आधी, रेल्वेच्या गरजेतून.

१८८७-८८मध्ये सांता फे रेल्वेने कॅन्सस सिटी ते शिकागो असा स्वतःचा मार्ग टाकला. वाफेचं इंजिन मोठं खादाड. कोळसा आणि पाणी वाटेत पुन्हा पुन्हा भरावं लागे आणि साधारण शंभर मैलांवर इंजिन बदलून ड्रायव्हर-फायरमनची नवी जोडी चढवावी लागे. कॅन्सस सिटीहून निघालेल्या गाडीचा असा पहिला मोठा टप्पा जिथे पडला, तिथे १८८८मध्ये मार्सलीन उभं राहिलं. गावाची जागा ठरली ती रेल्वेच्या हिशेबावर.

१९०६मध्ये वॉल्टचे वडील एलायस डिस्ने शिकागो सोडून इथे शेती करायला आले. जवळच त्यांच्या भावाची जमीन होती. धाकटा वॉल्ट तेव्हा चार वर्षांचा. त्याचे एक काका, माइक मार्टिन, याच मार्गावर मार्सलीन ते फोर्ट मॅडिसन गाडी हाकत. गाडी येतेय का हे पाहायला वॉल्ट रुळाला कान लावून बसे. एकदा त्याने आणि बहीण रूथने पिंपातल्या डांबराने घराच्या पांढऱ्या भिंतीवर चित्रं काढली. डांबर काही निघेना! शेती मात्र एलायसना पेलली नाही. आजारपणानंतर ती विकून १९११मध्ये सगळे कॅन्सस सिटीला गेले.

डिस्नेलँडमधल्या 'मेन स्ट्रीट'मागे मार्सलीनची आठवण आहे, हे खरं. पण तो रस्ता म्हणजे या गावाची हुबेहूब नक्कल, असं जे सांगितलं जातं ते ताणलेलं वाटतं; त्यात कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचाही वाटा आहे. मला तर त्या उद्यानाला वेढा घालणारी छोटी आगगाडीच मार्सलीनच्या जास्त जवळची वाटते. वॉल्टने त्याआधी, १९५०मध्ये, घराच्या परसातही वाफेवर चालणारी छोटी गाडी फिरवली होती आणि शेजारी मार्सलीनच्या कोठारासारखं कोठार बांधलं होतं. १९५६मध्ये तो थोरला भाऊ रॉयसह गावी येऊन गेला.

पुढे डिझेल इंजिनं आली आणि शंभर मैलांवर थांबायची गरजच उरली नाही. जुन्या स्टेशनात २००१पासून डिस्ने संग्रहालय आहे. शिकागो-लॉस एंजेलिस प्रवासी गाडी त्याच्यासमोरून जाते, थांबत नाही.