लिफ्ट किट लावलं म्हणजे टायर घासणार नाही?

लिफ्ट किट म्हणजे सस्पेन्शन उंच करून गाडी वर उचलणारा संच. ‘दोन इंच लिफ्ट टाका, मग कितीही मोठा टायर बसतो’ हा पिकअपवाल्यांतला जुना समज. तो अर्धाच खरा.

टोयोटा हायलक्स घ्या. मूळ 265/65 आर17 टायरचा व्यास सुमारे 776 मिमी, 285/70 आर17 चा 831. म्हणजे त्रिज्येत 27 मिमी वाढ, आणि रुंदीत दोन्ही बाजूंना 10-10 मिमी. लिफ्टने गाडी उभी असताना जागा वाढते. पण खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबलं की चाक बंप स्टॉपपर्यंत (सस्पेन्शनचं दबणं अडवणारा रबरी ठोकळा) जातंच, आणि तो मूळ जागीच असतो. (बॉडी लिफ्टची गोष्ट वेगळी, तिथे बॉडीच चेसीवरून उचलली जाते.)

खरी घासाघीस होते वळताना, पुढच्या चाकाच्या मागच्या कोपऱ्यात: मडफ्लॅप, लायनर (चाकाच्या खोबणीतलं प्लास्टिकचं अस्तर), बॉडी माउंट (बॉडी चेसीला जोडणारा भाग). त्यात ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर, ते माप) 30 वरून 0 केला, तर चाक 30 मिमी बाहेर येऊन आणखी मोठ्या कमानीत फिरतं. रुबाब वाढतो, घासणंही.

म्हणून आधी ऑफसेट मूळच्या जवळ ठेवा. मग मडफ्लॅप काढा, लायनर हीट गनने मागे दाबा. तरीही लागलं तर अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) वाढवून चाक थोडं पुढे घ्या. शेवटी लायनरच्या कडांना खडू फासा, एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवून दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग फिरवा, रिव्हर्समध्येही. खडू टायरला लागला, तिथेच घासतंय.

स्पीडोमीटर 100 दाखवेल तेव्हा वेग आधीपेक्षा सात टक्के जास्त असेल, हेही धरून चाला.